पेढे वाटावेत असा ‘पॉझिटिव्ह’

डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकमध्ये नोकरी करणारी एखादी मराठी मुलगी गरोदर राहते. जवळच हॉलिस स्ट्रीटवर नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटल आहे. पहिल्या तपासणीलाच रक्त घेतात, रिपोर्ट येतो आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नाशिकला जातो. लगेच आईचा फोन: “अगं, रुबेला पॉझिटिव्ह लिहिलंय! डॉक्टर काय म्हणाले?” डॉक्टर काहीच म्हणालेले नसतात, कारण काळजीचं काही नसतंच.

आईच्या भीतीला कारण आहे. आपल्याकडे गर्भपात झाला की ‘टॉर्च’ नावाखाली चार-पाच चाचण्या एकगठ्ठा लिहून देतात. त्यात रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं की ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ म्हणत दोष त्याच्यावर ढकलला जातो. खरं तर आयजीजी म्हणजे शरीराने पूर्वी कमावलेली प्रतिपिंडं. लहानपणी आजार येऊन गेला किंवा लस घेतली, दोन्हींनी ती तयार होतात. कशाने झाली हे चाचणीला कळत नाही. एकदा आली की बहुधा जन्मभर टिकतात. म्हणूनच काही लॅब ‘पॉझिटिव्ह’ऐवजी सरळ ‘इम्यून’ लिहितात, आणि ते शहाणपणाचं आहे.

सावध व्हायचं ते आयजीजी निगेटिव्ह आल्यावर. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होऊ शकतात. हा संबंध १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी प्रथम दाखवून दिला.

खरा गोंधळ आयजीएमचा. ताज्या संसर्गात हे प्रतिपिंड दिसतं, म्हणून ते पॉझिटिव्ह आलं की घरात रडारड. पण पार्व्हो विषाणू, एप्स्टीन-बार विषाणू किंवा संधिवातात आढळणारा ‘र्‍हुमेटॉइड फॅक्टर’ रक्तात असला तरी ही चाचणी फसते. लस घेतल्यावरही आयजीएम काही काळ रेंगाळतं. जिथे रुबेला दुर्मीळ झालाय, तिथे अंगावर पुरळ नाही, रुग्णाशी संपर्क नाही अशा बाईचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं, तर ते खोटं असण्याचीच शक्यता जास्त. लक्षणं नसताना ही चाचणी मुळात करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केलीच असेल तर काही दिवसांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही एकाच लॅबमध्ये शेजारी-शेजारी तपासतात. सोबत आयजीजीची ‘अ‍ॅव्हिडिटी’, म्हणजे प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड, पाहतात. पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना. एकट्या आयजीएमवर गर्भपाताचा निर्णय कुणी घेऊ नये.

आता आयजीजीचा आकडा. पुण्यात २२ आलं होतं, डब्लिनमध्ये ९ कसं? प्रतिकारशक्ती संपली का? तसं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची किट एकाच रक्ताला वेगवेगळे आकडे देतात, एकक तेच असलं तरी. पुष्कळ ठिकाणी मिलिलिटरला १० आंतरराष्ट्रीय एककं ही सीमारेषा मानतात. पूर्वी ती १५ होती. सीमेवरच्या निकालाला ‘इक्विव्होकल’ म्हणतात, म्हणजे नक्की सांगता येत नाही. अशा वेळी लसीच्या दोन डोसांची लेखी नोंद आकड्यापेक्षा वजनदार ठरते. लसीचं जुनं कार्ड सापडत असेल तर ते मागवून घ्या.

“तुला लहानपणी गोवर झाला होता की!” हे आईचं वाक्यही इथे उपयोगाचं नाही. गोवराचा विषाणू वेगळा, आणि नुसत्या पुरळावरून केलेलं निदान बेभरवशाचं. लस मिळालीच असेल, हेही गृहीत धरता येत नाही. आयर्लंडमध्ये १९७१ पासून मुलींना रुबेलाची लस मिळू लागली, १९८८ मध्ये एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस, आली. महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये. आज पस्तिशीत असलेली मुलगी तेव्हा ते वय कधीच ओलांडून गेली होती. खासगी डॉक्टरांकडे एमएमआर घेतली असेल तरच तिला लस मिळालेली असणार.

निगेटिव्ह आलं तर गरोदरपणात लस देत नाहीत, कारण ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. तोवर अंगावर पुरळ असलेल्यांपासून लांब राहायचं आणि बाळंतपणानंतर लस घ्यायची. अंगावर पाजत असली तरी चालते. पुढच्या बाळाचा विचार लसीनंतर निदान महिनाभर थांबून करावा. गरोदर असल्याचं न कळता लस घेतली गेली, एवढ्यावरून गर्भपात करायचं कारण नाही.