आधी मोडून बघा, मग सांभाळा

गावात संगणक आले. ग्रामपंचायतीत आले, सोसायटीत आले, दूध संकलन केंद्रावर आले, शाळेतही आले. पण संगणक सांभाळणारा माणूस काही त्यांच्याबरोबर आला नाही. मशीन बंद पडले की तालुक्याला फोन जातो. ‘उद्या येतो’ असे उत्तर मिळते आणि तोवर दाखल्यासाठी आलेला शेतकरी पायरीवर बसून राहतो. पाण्याची मोटर जळाली, ठिबकची नळी तुंबली, ट्रॅक्टरचे चाक पंक्चर झाले, तर गावातली पोरे गावातच दुरुस्त करतात. कारण या वस्तू त्यांनी हाताने उघडून बघितलेल्या असतात. संगणकाच्या बाबतीत मात्र ‘हात लावू नको, बिघडेल’ एवढेच शिक्षण मिळते.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २५१६ कोटी रुपयांची तरतूद झाली. आपल्याकडच्या विविध कार्यकारी सोसायट्या याच वर्गात मोडतात. सभासदाचे कर्ज, व्याज, भरणा हा सारा हिशोब आता खतावणीतून संगणकात जात आहे. तेव्हा संगणक आतून कसा चालतो हे जाणणारे दोन-चार हात प्रत्येक गावात तयार व्हायला हवेत. ते घरबसल्या, पदरचा पैसा न घालता कसे तयार होतील, हे या लेखात पाहू.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाला चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिच्यापैकी विंडोज ही आपल्या परिचयाची. लिनक्स ही तशीच दुसरी प्रणाली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. १९९२ पासून ती अशा परवान्याखाली आहे की कोणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. अगदी घरच्या देशी बियाण्यासारखे! शेजाऱ्याला पायलीभर दिले तरी कोणी विचारत नाही.

‘आमचा काय संबंध?’ असे कोणी म्हणेल. पण तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिल्या ५०० क्रमांकांचे सगळे महासंगणक लिनक्सवर चालतात. आणि दूर कुठेतरी बसून रात्रंदिवस माहिती पुरवणारे जे सर्व्हर असतात, त्यांतला फार मोठा भाग लिनक्सचाच. म्हणून सर्व्हर सांभाळण्याचे काम शिकायचे तर लिनक्सपासून सुरुवात करावी.

संगणकातला संगणक

नवे वाण बाजारात आले म्हणून शहाणा शेतकरी सगळे रान एकदम पेरत नाही. बांधाकडेच्या चार सऱ्यांत लावून बघतो. जमले तर पुढच्या वर्षी वाढवतो, नाही जमले तर चार सऱ्यांचेच नुकसान. संगणकातही अशा चार सऱ्या काढता येतात. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपल्या संगणकाची थोडी मेमरी आणि थोडी डिस्क बाजूला काढून, त्यात दुसरा पूर्ण संगणक चालवायचा. तो पडद्यावर एका खिडकीत दिसतो. त्यात काहीही बिघडले तरी बाहेरचा संगणक शाबूत राहतो. ही युक्ती काही नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी सोय बाजारात आणली होती. आता ती घरच्या लॅपटॉपवर मिळते, एवढाच फरक.

आणि शेतापेक्षा इथे एक गोष्ट जास्त आहे. पेरणी फसली तर दुबार पेरणीला बियाणे लागते, मजुरी लागते, हंगाम निघून जातो. व्हर्च्युअल मशीनमध्ये स्नॅपशॉट नावाची सोय असते. आजची स्थिती जशीच्या तशी टिपून ठेवायची. उद्या सगळे मोडले तरी दोन-चार मिनिटांत मशीन पुन्हा आजच्या जागी येते. म्हणजे कितीही वेळा दुबार पेरणी करा, खर्च शून्य.

तयारी काय लागते?

आठ जीबी मेमरीचा आणि पन्नास जीबी जागा मोकळी असलेला साधा संगणक पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. सध्या ते ओरॅकल कंपनीकडे आहे. मात्र त्याच्यासोबत दिसणाऱ्या एक्स्टेंशन पॅकचा परवाना वेगळा असतो. तो कार्यालयात उगाच टाकू नये, आपल्या कामाला त्याची गरजही नाही. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला डेबियन हा १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेला जुना आणि भरवशाचा प्रकार. त्याची छोटी प्रत एक जीबीच्या आत असते. ती डेबियनच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावी.

नव्या मशीनला दोन जीबी मेमरी आणि वीस जीबी डिस्क द्यावी. मशीन सुरूच होत नसेल, तर संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असते. ती चालू करावी. डेबियन बसवताना मुख्य मालकाचा, म्हणजे रूटचा पासवर्ड विचारतात. ती जागा रिकामी सोडली तर तुमच्या नेहमीच्या नावालाच ‘सुडो’ हा शब्द वापरून मालकी हक्काने काम करण्याची मुभा मिळते. शिकाऊ माणसाला हे सोयीचे. शेवटी कोणते भाग हवेत असे विचारल्यावर चित्रांचा पडदा गाळावा आणि एसएसएच सर्व्हर तेवढा निवडावा. खरे सर्व्हर असेच असतात. काळा पडदा आणि लुकलुकणारी खूण, बाकी काही नाही.

बसवून झाले की ताबडतोब पहिला स्नॅपशॉट घ्यावा. त्याला ‘कोरे रान’ असे नाव द्यावे.

पहिला आठवडा : वावर फिरून बघा

नवे वावर घेतले की माणूस आधी बांधावरून फिरतो. तसेच इथे. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. लिनक्सला लहान-मोठे अक्षर वेगवेगळे समजते, हे विसरू नये. ‘पी-डब्ल्यू-डी’ लिहिले की आपण कुठे उभे आहोत ते कळते (बांधकाम खात्याशी याचा संबंध नाही!). ‘एल-एस’ने त्या जागी काय काय आहे ते दिसते. ‘सी-डी’ने दुसऱ्या जागी जाता येते. ‘आर-एम’ने फाइल पुसली जाते आणि इथे कचरापेटी नाही. गेले ते गेले. म्हणून ‘आर-एम’चा सराव व्हर्च्युअल मशीनमध्येच पोटभर करून घ्यावा. हाताला एकदा चटका बसला की खऱ्या मशीनवर तो आपोआप जपून चालतो.

दुसरा आठवडा : कोणाला काय हक्क?

हा धडा गावच्या कारभाऱ्यांना सर्वांत लवकर समजेल. दप्तर कोणी लिहावे, कोणी नुसते वाचावे आणि कोणी हातच लावू नये, हे ग्रामपंचायतीत ठरलेले असते. लिनक्समध्येही प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि बाकीचे लोक अशा तीन पायऱ्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ असे गुण धरतात.

सरावासाठी चार वापरकर्ते तयार करा : ऑपरेटर, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले जुने ग्रामसेवक), सरपंच आणि पाहुणा. अधिकारी व सरपंच यांना ‘दप्तर’ नावाच्या गटात घाला. नमुना ८ ची एक खोटी फाइल बनवा. तिचा मालक ऑपरेटर आणि गट दप्तर असा ठेवा. मग ‘सी-एच-मॉड’ या आज्ञेने तिला ६४० हक्क द्या. मालकाला ४ अधिक २, म्हणजे वाचणे आणि लिहिणे. गटाला ४, म्हणजे नुसते वाचणे. बाकीच्यांना शून्य. ज्या फोल्डरमध्ये ती फाइल आहे, त्याला ७५० द्या आणि त्याचाही गट दप्तरच ठेवा. आता पाहुण्याच्या नावाने आत शिरून फाइल उघडायचा प्रयत्न करा. मशीन ‘परवानगी नाही’ म्हणेल. सरपंचालाही तसेच म्हणत असेल, तर गटात घातल्यानंतर त्याने बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले आहे का, ते तपासा. नव्या गटाचा हक्क पुन्हा आत आल्यावरच लागू होतो.

पुष्कळ ठिकाणी वैतागून सगळ्यांना ७७७ हक्क देऊन मोकळे होतात. म्हणजे गोठ्याचे दारच काढून टाकल्यासारखे. ही सवय शिकतानाच मोडावी.

तिसरा आठवडा : मुद्दाम बिघाड करा

आता खरी मजा. आधी स्नॅपशॉट घ्या, मग मशीन जाणूनबुजून मोडा.

पहिला बिघाड : डिस्क भरून टाका. मोठमोठ्या फाइली बनवत जा. डिस्क भरली की नोंदी लिहिल्या जात नाहीत, सुधारणा बसत नाहीत, हिशोबाचे प्रोग्रॅम अडतात. ‘डी-एफ’ने किती जागा उरली ते पाहावे, ‘डी-यू’ने जागा कोणी खाल्ली ते शोधावे. कधी कधी मोठी फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. एखादी सेवा ती फाइल अजून धरून बसलेली असते. ती सेवा बंद करून पुन्हा सुरू केली की जागा सुटते.

दुसरा बिघाड : एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा आणि त्याच्या मांडणीच्या फाइलमधला एक अर्धविराम पुसा. सेवा पुन्हा सुरू करायला गेलात की ती उठणार नाही. ‘सिस्टिम-सी-टी-एल’ला स्थिती विचारा, ‘जर्नल-सी-टी-एल’मध्ये नोंदी वाचा. चूक कोणत्या ओळीत आहे ते मशीन स्वतः सांगते. मात्र अनेकदा खऱ्या चुकीच्या पुढच्या ओळीचा नंबर देते, म्हणून वरची ओळही बघावी. संगणक काय म्हणतो ते शांतपणे वाचणे, हीच या कामातली निम्मी विद्या आहे.

तिसरा बिघाड आपल्या भागातला रोजचा : वीज जाणे. काम चालू असताना व्हर्च्युअल मशीनची एकदम ‘पॉवर ऑफ’ करा. पुन्हा सुरू केल्यावर मशीन बहुधा नीट उठेल, कारण डिस्कवरची मांडणी सावरण्यासाठी लिनक्स आपली रोजनिशी ठेवते. पण जे डिस्कवर उतरलेच नव्हते ते गेलेले असेल. इन्व्हर्टर कशासाठी हवा, हे त्या दिवशी पक्के समजते.

चौथा आठवडा : राखीव प्रत आणि तिची परीक्षा

‘टार’ या आज्ञेने फोल्डरचे एक गाठोडे बांधता येते. ‘क्रॉन’ला सांगून ठेवले की ठरल्या वेळी ते आपोआप बांधले जाते. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरे भरायची. पुस्तकात रात्री अडीचची वेळ दिलेली असते. पण आपले मशीन रात्री बंद असेल तर ते काम होणारच नाही! तेव्हा मशीन नक्की चालू असेल अशी दुपारची वेळ निवडावी.

प्रत घेतली म्हणजे झाले, असे नाही. दुसरे कोरे व्हर्च्युअल मशीन तयार करा आणि तिथे ते गाठोडे उघडून बघा. फाइली आल्या का? हक्क तेच आहेत का? न तपासलेली प्रत ही उगवण न तपासलेल्या बियाण्यासारखी. पोते भरलेले दिसते, पण पेरल्यावरच कळते. आणि एक ध्यानात ठेवावे : स्नॅपशॉट म्हणजे राखीव प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. लॅपटॉपच जळाला तर मशीनही गेले आणि स्नॅपशॉटही. खरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी.

पथ्ये

हा सराव पंचायतीच्या किंवा सोसायटीच्या चालू मशीनवर करू नये. सरावासाठी सभासदांची खरी नावे, खाते क्रमांक, आधार क्रमांक वापरू नयेत, खोटी नावे घ्यावीत. कुठेतरी सापडलेली आज्ञा अर्थ न समजता सुडो लावून चालवू नये. केलेले प्रत्येक काम तारीख घालून वहीत लिहावे : काय मोडले, मशीन काय म्हणाले, कशाने सुधारले. सहा महिन्यांनी हीच वही गावातल्या दुसऱ्या पोराला शिकवायला उपयोगी पडेल.

इंग्रजीची अडचण वाटत असेल तर डेबियन बसवतानाचे प्रश्न मराठीतही वाचता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह मोफत आहेत. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना ते झेपतील.

ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने एवढेच करावे : सराव करू इच्छिणाऱ्या दोन मुलांना आणि दोन मुलींना, कामकाजात नसलेला एखादा संगणक सुट्टीच्या दिवशी वापरू द्यावा. शाळेच्या संगणक कक्षातही हे जमेल. महिनाभरात ही पोरे मशीन वीस वेळा मोडतील आणि वीस वेळा उभे करतील. मग कार्यालयात खरोखर काही अडले, तर तालुक्याला फोन लावण्याआधी निदान ‘नेमके काय बिघडले आहे’ हे सांगणारे कोणीतरी गावातच असेल.