मटकीच्या घराण्यातली वेल

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, लाल मातीच्या कोरड्या माळावर एक वेल पसरते. शास्त्रीय नाव विग्ना लॅन्सिओलाटा. विग्ना हे आपल्या मूग, उडीद, मटकी, चवळीचं घराणं. पण या वेलीची गंमत मुळाशी आहे. तिची मुळं जाड होतात, बायका टोकदार काठीनं ती उकरून काढतात आणि गरम राखेत भाजतात. काही शेंगाही भुईमुगासारख्या मातीतच धरतात. इंग्रजी बोलणारे तिला पेन्सिल याम म्हणतात. तिच्या बीचं नाव 'कामे'. हेच नाव लावणारी एमिली कामे उंग्वारे ही म्हातारी विसाव्या शतकातल्या मोठ्या अमूर्त चित्रकारांत गणली जाते.

जन्म साधारण 1910चा. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर युटोपिया नावाचा मुलूख आहे, त्यातलं अल्हलकेर हे तिचं मूळ ठिकाण. तिच्या अनमाट्यर लोकांच्या जमिनीवर गोऱ्यांनी गुरांचे मळे थाटले आणि तरुणपणी ती त्याच मळ्यांवर राबली. उंटही हाकले. पुढं 1977च्या सुमारास युटोपियातल्या बायका बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवणं शिकल्या, त्यांत ती होती. 1979मध्ये हक्काचा दावा करून जमीन मूळच्या लोकांना परत मिळाली. त्या दाव्याच्या वेळी बायकांनी आपले विधी करून दाखवले होते. या विधींना 'अवेल्ये' म्हणतात. त्यांत छाती-खांद्यांवर रंगाचे पट्टे ओढतात आणि भूमीची गाणी गातात. सातबाऱ्यावर हक्क शोधणाऱ्या आपल्याला अंगावरच्या रेघा हा पुरावा वाटणार नाही. तिथं तो होता.

कॅनव्हास हाती आला तो 1988-89च्या तिथल्या उन्हाळ्यात, वय ऐंशीच्या घरात असताना. पहिलं चित्र 'इमू वुमन'. त्यानंतरच्या जेमतेम आठ वर्षांत सुमारे 3000 चित्रं, म्हणजे सरासरी रोज एक! बाटिकचं मेण फार वेळखाऊ असतं. उकळा, लावा, पुन्हा धुवा. अ‍ॅक्रिलिक तिला सोपं वाटलं असेल, तर नवल नाही. कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा, शेजारी मांडी घालून बसायचं आणि कॅनव्हास मोठा असला तर त्याच्यावरच. ठिपक्यांसाठी दाढीचा ब्रशही चाले. तो रंगात बुडवून आपटायचा. चित्रविक्रेत्यांच्या गाड्या वस्तीवर येऊ लागल्या. पैसा आला, पण नात्यागोत्याच्या रिवाजानं तो वाटला गेला.

'बिग याम ड्रीमिंग' (1995) मात्र थांबून पाहावं असं. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात ते आहे. लांबी आठ मीटर, उंची जवळपास तीन. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त पांढऱ्या रेघा. त्या वळतात, एकमेकींत शिरतात आणि कुठंच संपत नाहीत. समीक्षकांना अमेरिकी अमूर्त चित्रकार पोलॉक आठवतो. मला तो मार्ग लांबचा वाटतो. कंद पोसला की वरची माती भेगाळते, आणि उकरणारीची नजर आधी त्या भेगेवरच जाते. चित्रातल्या रेघा मुळं आहेत, भेगा आहेत, अंगावरचे पट्टेही आहेत. चित्रात काय आहे असं विचारल्यावर तिनं एकदा यादीच सांगितली होती: कंद, काटेरी सरडा, गवताचं बी, इमू, इमूचं आवडतं रोप, हिरव्या शेंगा आणि कामे. आपण 'अमूर्त' म्हणतो ते तिच्या लेखी ताटात वाढण्याइतकं मूर्त होतं. म्हणून हा शब्द तिच्याबाबतीत मी नाइलाजानंच वापरतो.

बाजाराला अशा शंका नसतात. 'अर्थ्स क्रिएशन' (1994) हे चार पटांचं चित्र 2007मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलं, 2017मध्ये एकवीस लाखांना. दरम्यान तिच्या नावावर खपवलेल्या चित्रांचे वादही झाले. 1997मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या दालनात तिची चित्रं लागली, तेव्हा ती हयात नव्हती.

मृत्यू सप्टेंबर 1996मधला. त्याच्या काही आठवडे आधी तिनं लहान कॅनव्हासांची एक मालिका झपाट्यानं रंगवली. ठिपके नाहीत, रेघा नाहीत. कॅनव्हासला अस्तर देण्याचा रुंद ब्रश उचलला आणि गुलाबी, पांढरे, निळे सपाट पट्टे ओढले. वेल कुठंच दिसत नाही. सारं माती झाकल्यासारखं.