कानावरचे ओझे

पगारवाढ, रजा आणि रात्रपाळीनंतर घरी सोडणारी गाडी या नेहमीच्या मागण्यांच्या खाली चौथी मागणी 'हेडफोन बदलून द्या' अशी होती. ती वाचून, खरे सांगायचे तर, आम्हांला हसू आले. ठाण्याकडच्या एका टेलिफोन सेवाकेंद्रातल्या मुलामुलींनी ती यादी केली होती. आमचे सारे आयुष्य गोदामे, बाजार आणि माथाडी यांच्यात गेले. पाठीवर पोती वाहणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकलेल्या कानांना ही मागणी अंमळ नाजूक वाटली. ती खाली नवव्या क्रमांकावर न्यावी, असे आम्ही सुचवले. तेव्हा चष्मा लावणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, एक दिवस तुम्ही घालून बसा. मग नंबर ठरवा."

आम्ही बसलो. तसलाच एक हेडफोन मागवून युनियनच्या कचेरीत तो कानांवर चढवला आणि ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकायला लागलो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे ग्रंथालयात वाचून आणि अशा व्याख्यानमालांच्या मागच्या बाकांवर बसून झालेले. त्यामुळे ऐकण्याचा कंटाळा आम्हांला नाही. पहिला पाव तास काहीच वाटले नाही. चाळीस मिनिटांनी कानाची पाळी गरम झाली. दीड तासाने चष्म्याची काडी कानामागे रुतू लागली. दोन तासांनी टाळूवर एक बोटभर जागा ठणकू लागली. पावणेतीन तासांनी आम्ही तो काढून टेबलावर ठेवला आणि मागणी पुन्हा चौथ्या क्रमांकावर नेली. ही मुले तो रोज एक अख्खी पाळी, आठवड्यातून सहा दिवस घालतात.

यातून पहिली गोष्ट कळली ती ही, की दुकानात दोन मिनिटे कानाला लावून पाहण्याला काही अर्थ नाही. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ असतात. निदान पाऊण तास, आपला नेहमीचा चष्मा लावून, केस नेहमीसारखे बांधून आणि मान नेहमीसारखी खाली घालून तो वापरून पाहावा. दुकानदार तेवढा वेळ देत नसेल, तर परत घेण्याची मुदत आधी विचारून घ्यावी.

आता दुखते का, ते पाहू. हमाल डोक्यावर ओझे घेण्यापूर्वी चुंबळ ठेवतो. चुंबळीने ओझे हलके होत नाही, पण ते एका बिंदूवर न टेकता पसरते. हेडफोनचेही तेच. तीनशे ग्रॅम वजन डोक्याला काही फार नाही. पण कमान अरुंद आणि कडक असेल, तर ते सगळे टाळूच्या एका पट्टीवर उतरते. म्हणून काही हेडफोनांत कमानीखाली एक सैल रुंद पट्टा टांगलेला असतो. ती खरी चुंबळ. वजनाचा आकडा वाचण्याआधी ही जागा बोटाने दाबून पाहावी.

दुसरा प्रश्न चिमट्याचा. कमान दोन्ही बाजूंनी डोके दाबते, म्हणून हेडफोन जागेवर राहतो. दाब कमी असला तर मान वाकवताच तो घसरतो, जास्त असला तर दोन तासांत कानशिले धरतात. तोच दाब लहान गादीवर पडला तर टोचतो, मोठ्या गादीवर पसरला तर सोसतो. कानावर टेकणारी छोटी गादी पाळीच्या कूर्चेवर दाबते. तिथे कातडी पातळ आणि खाली मांस नाही, म्हणून पाळी लवकर दुखते. कानाभोवती बसणारी मोठी गादी तोच दाब हाडावर घेते. मात्र तिचे भोक कानापेक्षा मोठे हवे आणि खोलही हवे. कानाचे टोक आतल्या जाळीला लागत असेल, तर गादी कितीही मऊ असली तरी तासाभरात ते हुळहुळते. नवा हेडफोन फार आवळत असेल आणि कमान धातूची असेल, तर डोक्याएवढ्या जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर एकदोन रात्री चढवून ठेवावा. थोडा सैलावतो. प्लास्टिकच्या कमानीवर हा प्रयोग करू नये. आमची एक मोडली.

गादीचे कापड हा आपल्या हवेत मोठा प्रश्न आहे. रेक्झीन पुसायला सोपे आणि बाहेरचा आवाज अडवणारे, पण एप्रिल-मेमध्ये त्याखाली कान घामेजतो, आणि काही काळाने त्याचे पापुद्रे निघून गालाला चिकटतात. मखमली कापडाला हवा लागते, पण ते घाम पिते आणि आवाज थोडा आत सोडते. एकट्याने घरी ऐकणाऱ्याने मखमल घ्यावी असे आमचे मत. पाळीपाळीने एकच हेडफोन तिघांनी वापरायचा असेल, तर मुळात तसा वापरूच नये, आणि वापरावाच लागला तर गाद्या तरी प्रत्येकाच्या वेगळ्या असाव्यात. कानाच्या भोकात बसणारी बोंडे हलकी खरी. पण त्यांचे योग्य माप मिळाले नाही तर ती टोचतात, मळ आत ढकलतात, आणि दिवसभर बंद राहिलेला कान ओला राहतो.

हे उपकरण मुळात छानछोकीसाठी आलेले नाही. अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथानिएल बाल्डविन याने १९१०च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते घेतले तिथल्या नौदलाने. टेलिफोन आणि बिनतारी यंत्रावर बसणारे नोकर हेच पहिले दीर्घकाळ ऐकणारे. १९६८ साली सेनहायझर या जर्मन कंपनीने दीडशे ग्रॅमच्या आतला, मागून उघडा, स्पंजाच्या गाद्यांचा हेडफोन काढला आणि तो लाखांनी खपला. हलकेपणाला गिऱ्हाईक असते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

उघडा की बंद, हा प्रश्न मात्र केवळ आरामाचा नाही. उघड्यात कान थंड राहतो, आवाज मोकळा वाटतो, पण बाहेरचा गलका सरळ आत येतो. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. इथे आम्हांला आमचे वडील आठवतात. ते गिरणीत साचेखात्यात होते. तिथे बोलणे ऐकू येत नसे, हातवाऱ्यांनी काम चाले. घरी ते ओरडून बोलत आणि आम्ही त्यांना तापट समजत होतो. ते तापट नव्हते, त्यांना ऐकू येत नव्हते. कारखान्याच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य मानला आहे. पण तो गोंगाट दोन इंचांच्या गादीखाली असेल, तर शेजारच्यालाही कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : प्रौढ माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, त्याहून अधिक नको. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १० तास आणि ८९ला फक्त ५ तास. डेसिबल ही चढती शिडी आहे. ३चा फरक कानाला किरकोळ वाटतो, पण आत जाणारी ध्वनीची शक्ती तेवढ्यात दुप्पट होते. तेव्हा गजबजलेल्या दालनात किंवा लोकलच्या डब्यात ऐकणाऱ्याने बंद गादीचाच घ्यावा. तो थोडा गरम होईल, पण आवाज खाली ठेवता येईल. एकाच कानाच्या हेडफोनापेक्षा दोन्ही कानांचा बरा, कारण दोन कानांनी ऐकताना तेच बोलणे कमी आवाजात पुरते. अचानक येणारी कर्कश शिट्टी अडवणारी सोय टेलिफोनच्या हेडफोनात असावी, हा आग्रह तर सोडूच नये.

वाटाघाटीत मालकपक्षाचे म्हणणे असे, की एकच नमुना घाऊक घेतला तर स्वस्त पडतो. आम्ही विचारले, गणवेशाचे बूट सगळ्यांना एकाच मापाचे देता का? गृहस्थ हसले. तीन बैठकांनंतर दोन नमुने ठरले, दोन्ही कानांचे. गाद्या दर सहा महिन्यांनी बदलायच्या, आणि प्रत्येकाने आठवडाभर वापरून मग सही करायची. चष्म्याच्या मुलीने पहिला नमुना तिसऱ्या दिवशी परत केला. दुसऱ्यावर तिने सही केली आहे, पण शेजारी 'गादी थोडी लहान' असा शेरा मारून.