शोध कुणाचा, नाव कुणाचे?

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थी तक्ते लावून विषय मांडतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे तर ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी आहे. म्हणूनच रेडिओ खगोलशास्त्र हा विषय आपल्या मुलांनी आवर्जून मांडावा, असे आम्हाला वाटते. मात्र नुसते आकडे घोकून भागणार नाही.

तारे आणि दीर्घिका प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही पाठवितात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लहरी अँटेना टिपते. एवढे सांगून झाले की जोसलिन बेल यांची हकिकत सांगा. १९६७ साली त्या केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. सुमारे साडेचार एकरांवरील दुर्बीण उभारताना त्यांनी स्वतः घण चालविला. रोज शंभर फुटांच्या आसपास कागदावर उमटणारा आलेख त्या डोळ्यांत तेल घालून तपासत. त्यातील एक बारीकशी खूण त्यांना खटकली. मार्गदर्शक अँटनी ह्युईश यांना आधी तो मानवनिर्मित अडथळा वाटला. बेल यांनी पिच्छा सोडला नाही. सुमारे १.३४ सेकंदांनी येणारा तो ठोका एका पल्सारचा, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा होता!

१९७४ साली पल्सारच्या शोधासाठी नोबेल मिळाले ते ह्युईश यांना. बेल यांचे नाव नव्हते. दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे : बेल यांनी स्वतः तक्रार केली नाही. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला तो बोलला नाही, म्हणून अन्याय नव्हताच, असे कसे म्हणता येईल? पुढे २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले. ती सारी रक्कम त्यांनी, भौतिकशास्त्रात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशा गटांतील विद्यार्थ्यांच्या पीएच.डी. शिष्यवृत्तीसाठी दिली.

आपल्या वर्गातही काय घडते? अस्खलित इंग्रजी बोलणारा पुढे उभा राहतो. रात्रभर जागून मॉडेल बनविणारा मागे तक्ता धरून उभा असतो. ही वाटणी मोडली पाहिजे. ज्याने काम केले त्याने बोलावे, मराठीत बोलावे, अडखळत का होईना बोलावे. कुणी ‘कशावरून?’ असे विचारले तर पुरावा पुढे ठेवावा. आणि शेवटी प्रत्येक हाताचे नाव घ्यावे. विज्ञान तिथूनच सुरू होते.