आधी प्रश्न की आधी पाणी : मराठी वाङ्मयपरंपरेतील अनोळखी माणूस

अनोळखी माणसाविषयीचा दयाभाव हा मराठी वाङ्मयात वारंवार येणारा विषय असला, तरी त्याचे विवेचन बहुधा ‘भूतदया’ वा ‘माणुसकी’ या मूल्यवाचक संज्ञांच्या आधारे केले जाते. दया करणाऱ्याचे मन किती मोठे होते हे अशा विवेचनातून कळते. परंतु ज्याला दयेची गरज होती त्याला ती मिळण्यापूर्वी काय सांगावे लागले, हे कळत नाही. परस्परांविषयी अविश्वास बाळगणाऱ्या समाजात ‘तू कोण?’ हा प्रश्न साहाय्याच्या आधी विचारला जातो की नंतर, यावर त्या साहाय्याचे स्वरूप अवलंबून असते. या दृष्टीने तीन भिन्न काळांतील, भिन्न प्रकृतीच्या संहिता एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत फोड, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी केली जाते. म्हणजे आगमनाचा काळ अनिश्चित असणे या संकल्पनेला मान्य आहे. व्यक्तीची ओळख अनिश्चित असणेही मान्य आहे काय, याविषयी हा शब्द मौन पाळतो. जातिबद्ध ग्रामव्यवस्थेत परक्या माणसाला गाव, नाव, आडनाव विचारले जाई ते केवळ कुतूहलापोटी नव्हे. त्याला कोठे बसवावे आणि पाणी कसे द्यावे, हे त्या उत्तरावर ठरत असे.

महिपतींनी अठराव्या शतकात रचलेल्या संतचरित्रांतून एकनाथांच्या (१५३३-१५९९) ज्या कथा रूढ झाल्या, त्यांत हा क्रम उलटलेला दिसतो. रामेश्वरासाठी कावडीतून नेलेले पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले जाते. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत पोळणारे अंत्यजाचे मूल नाथ उचलून घेतात. पहिल्या कथेत प्रश्न विचारण्याची सोयच नाही. दुसऱ्या कथेत उत्तर आधीच ठाऊक आहे, पण ते कृतीच्या आड येत नाही. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. गाढवाला पाजलेले पाणी रामेश्वरालाच पावले, अशी या कथेची फलश्रुती आहे. अनोळखी जीव अखेरीस देव म्हणून ‘ओळखला’ जातो आणि मगच श्रोत्यांचे समाधान होते. हे औदार्य आदरणीय खरेच. पण कथनाच्या पातळीवर ते संताचे अपवादात्मक आचरण म्हणून उरते, लोकव्यवहाराचा नियम होत नाही.

लोकव्यवहाराचा नियम कोणता होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणात दिसते. मूळ इंग्रजीत असलेले हे टिपण १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील पहिली आठवण १९०१ च्या प्रवासाची आहे. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांना न्यायला कोणी आलेले नसते. नीटनेटक्या पोशाखातील ही मुले उच्चवर्णीय असावीत या समजुतीने स्टेशनमास्तर प्रथम आस्थेने चौकशी करतो आणि ती महार आहेत हे कळताच पालटतो. गाडीवान मिळत नाहीत. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण तयार होतो. डब्यात पुरेसे अन्न असते. पाणी मात्र मिळत नाही. वाटेवरच्या जकात नाक्यावर पाणी मागताना मुलांना आपण मुसलमान आहोत असे सांगावे लागते, आणि तरीही ते मिळत नाही. कोणते नाव सांगितले असता पाणी मिळेल, याचा अदमास नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी बांधावा, हे या प्रसंगाचे मर्म आहे. अविश्वास समाजाचा असतो; खोटे बोलण्याची सक्ती मात्र परक्यावर होते.

हीच सक्ती बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेच्या (त्याच नावाचा संग्रह, १९६३) केंद्रस्थानी आहे. नोकरीसाठी गुजरातेत गेलेला दलित नायक जातीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. सहकारी रामचरण तिवारी त्याच्याशी स्नेहाने वागतो. येथे दया वा स्नेह खोटा नाही. तो गृहीतकावर उभा आहे. गृहीतक ढासळताच स्नेहाची जागा मारहाण घेते आणि नायकाला सोडवायला धावतो तो काशिनाथ, म्हणजे जातीने त्याचाच माणूस. अनोळखी माणसाला अखेर ओळखीच्याच माणसाचा आधार उरावा, ही या कथेतील खरी शोकांतिका होय. शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद या संदर्भात महत्त्वाचे ठरते. जी गोष्ट सांगण्याचे बंधन कोणावरही असू नये, ती न सांगणे येथे चोरी ठरते. आणि व्यवस्थेने लावलेला हा आरोप निवेदक उपरोधाने स्वतःच्या तोंडी घेतो.

या तीन संहितांमधून एक भेद स्पष्ट होतो. गृहीत धरलेल्या ओळखीपोटी केलेले साहाय्य आणि ओळखीची अट न घालता केलेले साहाय्य ही बाह्यतः सारखी दिसली, तरी एक नव्हेत. स्टेशनमास्तरची आरंभीची आस्था आणि तिवारीचा स्नेह पहिल्या प्रकारात मोडतात. नाथांची कृती दुसऱ्या प्रकारातील असली, तरी कथनपरंपरेने तिला दैवी ओळखीचे अधिष्ठान जोडले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याचा अर्थही येथे अधिक उलगडतो : पाणी कोणाच्या दयेवर अवलंबून न राहता हक्काने मिळावे, हा त्या कृतीचा आशय होता.

म्हणूनच अशा कथांच्या अध्यापनात ‘दया कोणी दाखविली?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘ती मिळण्यापूर्वी काय विचारले गेले, आणि उत्तर काय द्यावे लागले?’ हा प्रश्नही ठेवावा लागतो. त्यावाचून एकनाथांची कथा केवळ सुभाषित ठरते आणि बागुलांची कथा केवळ तक्रार. दोहोंमधील संबंध वाचकाच्या हाती लागत नाही.