सिम्बॉल : जुळणाऱ्या दोन तुकड्यांची गोष्ट

सिम्बॉल हा शब्द आपण मराठीत बोलतानाही सर्रास वापरतो. मतदानयंत्रावरचं कमळ, सदऱ्याच्या लेबलवरची इस्त्री, हायड्रोजनसाठी लिहिलेला एच, सगळं त्यात बसतं. हा शब्द मुळात ग्रीक, आणि त्याचा जुना अर्थ फार देखणा आहे : मोडलेल्या वस्तूचा अर्धा भाग.

‘सिन’ म्हणजे एकत्र, ‘बालेइन’ म्हणजे टाकणे. प्राचीन ग्रीसमध्ये परगावच्या माणसाशी पाहुणचाराचं नातं जुळलं, की एखादं हाड किंवा मातीची वस्तू मोडून दोघं एकेक तुकडा जवळ ठेवत. पुढे त्याचा मुलगा किंवा नातू तुकडा घेऊन दारात आला आणि कडा जुळल्या, की ओळख पटली. हा तुकडा म्हणजे ‘सुंबोलोन’.

अथेन्समध्ये अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या उत्खननात मातीच्या अशा पट्ट्या मिळाल्या आहेत. ओल्या मातीवर गावाचं नाव लिहायचं, अक्षरांच्या मधोमध वेडावाकडा काप द्यायचा आणि मग भाजायचं. प्रत्येक काप निराळा, त्यामुळे खोटा तुकडा बसणारच नाही. प्लेटोनं तर ‘सिम्पोझियम’मध्ये हाच शब्द माणसाला लावला. आपण प्रत्येकजण अर्धा तुकडा, दुसऱ्या अर्ध्याच्या शोधात, असं त्यातला अॅरिस्टोफेनिस म्हणतो.

लॅटिनमध्ये ख्रिस्ती लोकांनी आपल्या श्रद्धेच्या घोषणेला ‘सिम्बोलुम’ म्हटलं. आपला माणूस ओळखायची खूणच ती. पंधराव्या शतकात इंग्रजीत शब्द आला तो याच अर्थानं. एका गोष्टीच्या जागी उभी राहणारी दुसरी गोष्ट, हा आजचा अर्थ एडमंड स्पेन्सरच्या 1590 सालच्या ‘द फेअरी क्वीन’मध्ये सापडतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी खुणांचे तीन प्रकार केले. छायाचित्र माणसासारखं दिसतं. धूर आगीतूनच निघतो. सिम्बॉलचं नातं मात्र केवळ ठरवण्यातून आलेलं असतं, आणि मला वाटतं, मोडलेल्या तुकड्याचा जुना अर्थ इथे अजून जिवंत आहे : दोन्ही बाजूंना ठाऊक नसेल तर खुणेला किंमत नाही.

आपल्या 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हे लख्ख दिसलं. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. जोखड घातलेली बैलजोडी म्हणजे काँग्रेस, हे चित्राकडे नुसतं बघून कुणालाही कळलं नसतं. ते आधी सांगावं लागलं. मतदानकेंद्रात प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. शिक्का मारायचा नव्हता. ओळखीचं चिन्ह शोधायचं आणि त्या पेटीत कागद टाकायचा.