पाळी तुमची, नियमही तुमचा!

एक टप्पा आउट! बॉल डायरेक्ट गॅलरीत गेला तरी आउट, आणि आणायलाही त्यानेच जायचं! गल्ली क्रिकेटचे असे नियम तुम्हीही केले असतील. पण खरं सांगा, ते ठरवायचं कोण? ज्याची बॅट तो! सगळ्यात लहान पोरगं ‘लिंबूटिंबू’, त्याला कोण विचारतंय?

अमेरिकेतले तत्त्वज्ञ पीटर सुबर यांनी १९८२ मध्ये ‘नॉमिक’ नावाचा खेळ मांडला. त्यात पाळी आली की आधी नियम बदलायचा, मग फासा टाकायचा. तुम्ही नियम सुचवायचा, सगळ्यांनी मत द्यायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत एकाने जरी नकार दिला, तरी नियम बारगळतो. पुढे बहुमत चालतं.

या रविवारी घरच्या सापशिडीवर हे करून बघा. आजी म्हणेल, “मोठा साप आज झोपलाय.” बाबा म्हणतील, “सहा पडले तर दोनदा खेळायचं.” पण पाच वर्षांच्या चिंगीने हात वर केला नाही, तर बाबांचा नियम गेला! (बाबांना हे जरा जड जातं, आधीच सांगून ठेवते.)

आणि हो, वही-पेन जवळ ठेवा. तिसऱ्या पाळीपर्यंत “असं ठरलंच नव्हतं!” सुरू होतंच.